फोन पंचवीस टक्क्यांवरच बंद पडतो, चार्जिंग टिकत नाही: बॅटरी बदलण्याआधी काय काय तपासायचं

"भाऊ, बॅटरी टिकूनच नाही राह्यली. नवीन टाकून द्या."

अकोला जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. गेली चौदा वर्षं हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो, आणि एप्रिल-मे मध्ये तर दिवसातून चार-पाच वेळा. त्यातल्या कितीतरी फोनची बॅटरी चांगली असते. दोष केबलमध्ये असतो, चार्जिंगच्या पिनेत (फोनच्या ज्या भोकात केबल बसते तिथे) असतो, कधी एखाद्या ॲपमध्ये, तर कधी नुसत्या रेंजमध्ये.

सुरुवातीच्या काळात मी फार तपासत बसत नव्हतो. ग्राहकानं बॅटरी म्हटलं की बॅटरी बदलून द्यायचो. एका आजींनी श्रावणबाळ योजनेचे पैसे आले तसे माझ्या हातावर ठेवून बॅटरी बदलून घेतली आणि आठ दिवसांत तीच तक्रार घेऊन परत आल्या. तेव्हा कुठे मी फोन नीट बघितला. दुसऱ्या खाचेत एक बंद पडलेलं सिम होतं आणि त्यांच्या घरात पहिल्या सिमलाही रेंज एकच काडी. फोन दिवसभर टॉवर शोधत होता. पैसे परत केले, पण त्या दोन चकरा उन्हात मारल्या त्या आजींनीच. तेव्हापासून एक क्रम ठरवून घेतला आहे: फुकटची तपासणी आधी, मग स्वस्तातली, आणि फोन उघडणं सगळ्यात शेवटी. तोच क्रम इथे लिहितो आहे.

तुमच्या फोनचं लक्षण नेमकं कोणतं?

"बॅटरी खराब" या दोन शब्दांत वेगवेगळे आजार येतात, म्हणून आधी लक्षण नीट ओळखा.

- टक्के हळूहळू न उतरता उड्या मारतात. ४० चे एकदम २२ होतात आणि फोन बंद. चार्जरला लावला की लगेच पुन्हा २० टक्के दाखवतो.
- फोन आला किंवा फ्लॅश लावून फोटो काढला, की नेमका त्याच क्षणी बंद पडतो.
- रात्री ८० टक्क्यांवर ठेवला, सकाळी ४५.
- केबल एका विशिष्ट कोनात धरली तरच चार्जिंग होतं.
- चार्ज व्हायला पूर्वी दीड तास लागायचा, आता पाच तास लागतात.
- ८० टक्क्यांवर येऊन चार्जिंग थांबतं.
- काही न करता खिशात गरम होतो.
- मागचं झाकण उचललं गेलंय किंवा स्क्रीनच्या कडेला फट दिसतेय.

पहिली दोन लक्षणं बहुतेक वेळा म्हाताऱ्या बॅटरीची. तिसऱ्यात कोणीतरी गुपचूप वीज खातंय. चौथं-पाचवं केबल, चार्जर नाहीतर पिनेकडे बोट दाखवतं. सहाव्यात उष्णता असते किंवा सेटिंग. नव्या फोनमध्ये बॅटरी जपण्यासाठी ८० टक्क्यांची मर्यादा मिळते आणि ती चुकून चालू झालेली असते. सातव्यात ॲपपासून फोनच्या आतल्या सर्किट बोर्डापर्यंत काहीही निघू शकतं. आणि आठवं दिसलं असेल, तर पुढचा भाग वाचून तिथेच थांबा. बाकीच्या तपासण्या तुमच्यासाठी नाहीत.

सगळ्याच्या आधी: बॅटरी फुगली आहे का?

कव्हर काढा. फोन काचेच्या किंवा फरशीच्या सपाट पृष्ठभागावर पाठीवर ठेवा आणि बोटानं हलकेच फिरवा. भोवऱ्यासारखा गरगर फिरला तर मधे फुगवटा आहे. कॅमेऱ्याच्या उंचवट्यामुळे फोन थोडा डुगडुगणं वेगळं, ते ओळखू येतं. मग आडवा धरून कडेनं नजर फिरवा: झाकण आणि चौकट यांच्यात फट, स्क्रीन एका बाजूनं उचललेली, पडद्यावर मधेच फिकट डाग. बटणांच्या जुन्या फोनमध्ये तर मागचं झाकणच बसत नाही.

फुगवटा म्हणजे आत साचलेला वायू. लिथियम-आयन बॅटरीत दोन पातळ पत्रे गुंडाळलेले असतात, मधे द्रव भिजवलेला प्लास्टिकचा पडदा. जास्त उष्णता, जास्त चार्जिंग किंवा नुसत्या वयानं तो द्रव विघटित होतो आणि वायू पाकिटात साचतो. मधला पडदा केसापेक्षाही पातळ असतो. तो एका जागी जरी फाटला तरी दोन पत्रे एकमेकांना टेकतात आणि काही सेकंदांत आग. म्हणून फुगलेल्या बॅटरीला टाचणी टोचून "हवा काढणं", झाकण दाबून बसवणं, रबर लावून वापरणं, यातलं काहीही करू नका. हे तिन्ही प्रकार मी दुकानात पाहिले आहेत.

"माझा तर कंपनीचा फोन आहे, तो कसा फुगेल?" असं लोक विचारतात. २००७ साली नोकियाला बीएल-५सी प्रकारच्या ४.६ कोटी बॅटऱ्यांबाबत इशारा देऊन त्या बदलून द्याव्या लागल्या होत्या. २०१६ मध्ये सॅमसंगनं गॅलेक्सी नोट ७ हा पूर्ण फोनच बाजारातून मागे घेतला, कारण त्याच्या बॅटऱ्या पेट घेत होत्या. रसायन सगळीकडे तेच आहे. चांगली कंपनी धोका कमी करते, संपवत नाही.

फुगलेली दिसली की चार्जर काढा, फोन बंद करा, पुन्हा चार्जिंगला लावू नका. पडदे, गाद्या आणि गॅस यांच्यापासून दूर फरशीवर ठेवा. मातीच्या कुंडीत कोरडी वाळू असेल तर तिच्यात ठेवणं आणखी चांगलं. त्याच दिवशी दुकानात न्या, पँटच्या खिशात कोंबून नव्हे, आणि कुरियरनं तर पाठवूच नका.

धूर निघत असेल किंवा फुसफुस आवाज येत असेल तर फोन उचलायला जाऊ नका. चार्जरला जोडलेला असेल तर आधी मेन स्विच बंद करा, घरातल्यांना बाहेर काढा, धूर नाकात घेऊ नका, तो विषारी असतो. लांबून भरपूर पाणी ओता किंवा वाळू टाका. विझली असं वाटलं तरी ती पुन्हा पेटू शकते, तेव्हा लगेच हात लावू नका. आग आजूबाजूला पसरत असेल तर १०१ किंवा ११२.

फुकटच्या तपासण्या

फोन फुगलेला नाही, मग घाई नाही. एकदा रीस्टार्ट करा. ऐकायला फार साधं वाटतं, पण अडकलेलं एखादं ॲप दिवसेंदिवस मागे चालू राहतं आणि रीस्टार्टनं सुटतं.

मग सेटिंगमध्ये बॅटरीच्या पानावर जा आणि कोणत्या ॲपनं किती टक्के खाल्ले ते बघा. तासभर व्हिडिओ पाहिला असेल तर तो यादीत वर असणारच. पण न उघडलेलं ॲप वर दिसलं तर दोषी तेच. हवामान, बातम्या, उधारीची ॲप्स, आणि "बॅटरी वाचवा", "फोन थंड करा" अशा नावांची ॲप्स इथे वारंवार सापडतात. ही शेवटची आधी काढून टाका. ती स्वतः सतत जागी राहतात, जाहिराती आणतात आणि जी वीज वाचवायची तीच खातात. दर पाच मिनिटांनी सगळी ॲप्स बोटानं उडवून टाकायची सवयही सोडा, कारण प्रत्येक ॲप शून्यापासून पुन्हा उघडायला जास्त वीज लागते.

आता रेंज. माझ्या भागात बॅटरी उतरण्याचं हे फार मोठं कारण आहे आणि याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. टॉवर जवळ असला की फोन हळू बोलतो, लांब असला की ओरडतो, आणि ओरडायला वीज लागते. शेतात, पत्र्याच्या घरात, तळघरातल्या दुकानात फोन दिवसभर पूर्ण ताकदीनं टॉवर शोधत असतो. त्यात ५जी ची रेंज येते-जाते अशी असेल तर तो ५जी आणि ४जी मध्ये सारखा उड्या मारतो. आठ दिवस असं करून पाहा: नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ५जी बंद करून ४जी ठेवा, रिचार्ज संपलेलं सिम बंद करा किंवा काढून ठेवा, आणि रात्री रेंज नसलेल्या खोलीत झोपत असाल तर विमान मोड लावा. घरात कोणी आजारी असेल, रात्री फोन येण्याची शक्यता असेल तर विमान मोड नको, फोन खिडकीजवळ ठेवा. नुसत्या एवढ्यावर सकाळचे ४५ टक्के पुन्हा ७०-७२ झालेले मी पाहिलेत.

तरी फरक नसेल तर सेफ मोड. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये बंद करायच्या पर्यायावर बोट दाबून धरलं की तो येतो. यात तुम्ही टाकलेली ॲप्स चालत नाहीत. सेफ मोडमध्ये दिवसभर बॅटरी टिकली तर बॅटरी निर्दोष आहे, दोष ॲपचा. नव्यानं टाकलेल्यापासून एकेक काढत जा.

टक्के खोटं बोलतात तेव्हा

फोनला बॅटरीत किती वीज उरली हे दिसत नाही. तो आत गेलेल्या आणि बाहेर आलेल्या विजेचा हिशेब ठेवतो आणि त्यावरून टक्के सांगतो. रोज ४० वरून ७० आणि ७० वरून ५० असं अर्धवट चार्जिंग चाललं की कित्येक महिन्यांत हा हिशेब चुकतो, जसा किराणा दुकानाच्या वहीत कधीच बेरीज न मारल्यावर चुकतो. उपाय फुकट आहे. एकदा फोन ५-१० टक्क्यांपर्यंत उतरू द्या, मग मधे न काढता १०० पर्यंत चार्ज करा. उड्या थांबल्या तर हिशेबच चुकला होता. दर दोन-तीन महिन्यांनी एकदा पुरे. दर आठवड्याला शून्यावर नेऊ नका, त्यानं बॅटरी झिजते.

"नवा फोन आधी आठ तास चार्ज करा", "पूर्ण उतरल्याशिवाय लावू नका" हे सल्ले निकेलच्या जुन्या बॅटऱ्यांच्या काळातले. त्यांना ती गरज होती. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिला ही सवय लागत नाही. उलट शून्य आणि शंभर या दोन्ही टोकांना ती जास्त झिजते.

उन्हात आहे का?

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. मोटारसायकलच्या हँडलवर लावलेला फोन, वर मॅप चालू, खाली चार्जिंग. हा फोन माझ्याकडे येणार हे मी रस्त्यावरच ओळखतो. बॅटरीजवळ तापमान मोजणारा एक बारीक घटक असतो. बॅटरी साधारण ४५ अंशांच्या आसपास गेली की फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. तो बिघाड नाही, तो फोन स्वतःला वाचवतोय. सावलीत आणा, कव्हर काढा, अर्धा तास थांबा, मग बघा. आपोआप चार्जिंग सुरू झालं तर दुरुस्तीची गरज नाही.

फ्रीजमध्ये ठेवू नका. आतल्या हवेतलं पाणी थंड बोर्डावर जमतं आणि मग खरंच दुरुस्ती निघते. थंडीचाही एक किस्सा आहे. लडाखला जाऊन आलेला एक मुलगा सांगत होता की तिथे ४० टक्क्यांवर फोन बंद पडायचा आणि खाली आल्यावर नीट. ती बॅटरी थोडी जुनी होती, पण मेलेली नव्हती. थंडीत तिचा आतला विरोध, म्हणजे वीज बाहेर पडायला होणारा अडथळा, वाढतो, एवढंच. गोठणाऱ्या थंडीत चार्जिंग मात्र करू नये, त्यात लिथियम पत्र्यावर धातू म्हणून साचतं आणि बॅटरी कायमची बिघडते.

केबल, चार्जर: शेजाऱ्याकडून मागून आणा

खर्च करण्याआधी दुसऱ्याचा चांगला चालणारा संच मागून घ्या. आधी केबल बदलून बघा, मग अडॅप्टर, मग भिंतीवरचा सॉकेट. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर दोष कशात होता ते कळणार नाही. केबल सगळ्यात आधी मरते, तीही कनेक्टरच्या मानेशी, आतल्या आत. बाहेरून ती नवी दिसते.

फोनसोबत ३३ वॅटचा चार्जर आला असेल आणि तुम्ही बाजारातली पन्नास रुपयांची केबल लावली, तर फोन आणि चार्जर यांचं जुळत नाही आणि चार्जिंग १० वॅटवर येतं. ५००० एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-अवर. १० वॅटनं ती भरायला वाया जाणारी वीज धरून अडीच-तीन तास लागणारच. जुना ५ वॅटचा चार्जर लावला तर पाच तासांच्या आसपास. मग लोक म्हणतात बॅटरी गेली.

गावाकडे आणखी एक कारण असतं. डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रलची तार तुटली की घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात. चार्जर १०० ते २४० व्होल्टसाठी बनलेला असतो. एका रात्रीत आळीतले सगळे चार्जर जळालेले मी पाहिलेत. दिवे अचानक फार प्रखर झाले तर मेन बंद करा आणि वायरमनला कळवा. घरातली वायरिंग स्वतः खोलू नका.

नवा चार्जर घेताना त्यावर आयएस १३२५२ सारखा भारतीय मानकाचा क्रमांक आणि आर अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का बघा. बॅटरीवर आयएस १६०४६ असतं. हा क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून पडताळता येतो, पैसे लागत नाहीत. मी याचा आग्रह का धरतो ते सांगतो. नकली चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि फोनची बाजू यांच्यातलं अंतर फार कमी असतं. ते इन्सुलेशन फुटलं तर भिंतीतली वीज सरळ केबलमधून तुमच्या हातात येते. चार्जिंगला लावून, कानात वायरचा हेडफोन घालून बोलत बसणं म्हणूनच वाईट. त्यात चूक बॅटरीची नसते.

पिनेत कापूस

हा माझ्या भागाचा खास आजार आहे. दसऱ्यानंतर कापूस वेचणी सुरू होते आणि दिवाळीपासून माझ्याकडे "केबल बसत नाही" अशा फोनची रांग लागते. सदऱ्याच्या खिशातले कापसाचे तंतू चार्जिंगच्या भोकात जातात, वर धूळ बसते, आणि दर वेळी केबल ते आणखी आत ठासते. शेवटी केबल पूर्ण बसत नाही, हात लागला की सुटते. जीन्सच्या खिशातही हेच होतं, फक्त रंग निळा असतो.

फोन बंद करा. उजेडात धरून आत बघा. लाकडी टूथपिकचं टोक थोडं चपटं करून कडेकडेनं हळू ओढून काढा. टाइप-सी मध्ये मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्यावर २४ बारीक पिना. त्या जिभेला जोर लावला की ती मोडते, आणि मग पूर्ण पिन बदलावी लागते. सेफ्टी पिन, सुई, ब्लेड नको, त्यानं दोन पिना एकमेकींना चिकटून शॉर्ट होतात. तोंडानं फुंकू नका, थुंकीतली ओल आत जाते. आणि पंक्चरच्या दुकानातल्या हवेनं तर मुळीच साफ करू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं आणि दाब इतका की धूळ थेट माइकच्या जाळीत जाऊन बसते. "चार्जिंग झालं पण माझा आवाज जात नाही" अशी पुढची तक्रार तिथूनच येते.

सफाईनंतर केबल टक असा आवाज करून बसली आणि हलवल्यावर सुटली नाही, तर तुमचं काम झालं. आत हिरवट किंवा काळं दिसत असेल, पिन जळाल्याचा वास येत असेल, तर थांबा. ते गंजलेलं किंवा करपलेलं आहे, घरच्या सफाईनं जाणार नाही.

बटणांच्या फोनवाल्यांचं काम सोपं: बॅटरी काढा, पिवळ्या पट्ट्या कोरड्या खोडरबरानं पुसा, परत बसवा. पण भजनाच्या छोट्या स्पीकरमधली बॅटरी काढून फोनमध्ये टाकू नका. आकार तोच असतो, आतला माल आणि सुरक्षेची पट्टी तशी असेलच असं नाही.

मग खरंच बॅटरी म्हातारी झालीय का?

वरचं सगळं करून टक्के उड्या मारतच असतील तर बॅटरीकडे वळू. आयफोनमध्ये सेटिंगमधल्या बॅटरीच्या पानावर बॅटरी हेल्थ दिसतं. ८० च्या खाली गेली की बदलायचा विचार करा. सॅमसंगमध्ये सॅमसंग मेंबर्स ॲपमध्ये तपासणी होते. बऱ्याच फोनमध्ये असं काही मिळत नाही, तिथे वय बघा. साधारण ५०० ते ८०० पूर्ण फेऱ्यांनंतर बॅटरी मूळच्या ८० टक्क्यांवर येते. फेरी म्हणजे एकूण शंभर टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० वापरलात तर दोन दिवसांची एक फेरी. रोज एक फेरी धरली तर दीड-दोन वर्षं.

बॅटरीत वीज असूनही फोन बंद का पडतो, हे ग्राहकांना पटत नाही. म्हणून मी त्यांना गच्चीवरच्या टाकीचं उदाहरण देतो. टाकी पाव भरलेली आहे, पण पाइप आतून गंजून अर्धा बुजलाय. एक नळ उघडला तर पाणी येतं. चार नळ एकदम उघडले की धार तुटते. टाकी रिकामी नाही, पाइप साथ देत नाही. बॅटरीतला हा गंज म्हणजे तिचा आतला विरोध. पंचवीस टक्क्यांवर बॅटरीचा दाब साधारण ३.७ व्होल्ट. कॉल आला किंवा फ्लॅश लागला की फोन क्षणभर दोन अँपिअरच्या आसपास वीज ओढतो. नव्या बॅटरीत त्यानं दाब किंचित उतरतो. जुनीचा विरोध पाव ओहम झाला असेल तर अर्धा व्होल्ट एकदम पडतो आणि ३.२ उरतात. बरेच फोन ३.३-३.४ च्या खाली स्वतःला बंद करतात. चार्जर लावला की दाब परत वर येतो, म्हणून लगेच वीस टक्के दिसतात. टक्के खरे असतात आणि बंद पडणंही खरं असतं.

हातात मोजायला काही हवं असेल तर दोन-तीनशे रुपयांचा यूएसबी मीटर मिळतो. चार्जर आणि केबलच्या मधे लावला की किती व्होल्ट, किती अँपिअर जातात ते दिसतं. २० टक्क्यांवरचा फोन चांगल्या चार्जरवरही अर्ध्या अँपिअरच्या वर जात नसेल तर पिन किंवा चार्जिंगच्या आयसीत (चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपमध्ये) दोष आहे, बॅटरी बदलून पैसे वाया जातील. टाइप-सी च्या वेगवान चार्जिंगला मात्र यातले स्वस्त मीटर साथ देत नाहीत, तेव्हा साध्या चार्जरवर तपासा.

इथे हात आवरा

ज्या फोनचं मागचं झाकण नखानं निघतं त्याची बॅटरी खुशाल घरी बदला. चिकटवलेल्या फोनची नको. व्हिडिओ पाहून केलेली कामं माझ्याकडे येतात: फाटलेली डिस्प्लेची पट्टी, तुटलेला बॅटरीचा कनेक्टर, आणि एकदा वाकलेली, टोचलेली बॅटरी, जी त्या माणसानं शर्टाच्या खिशातून आणली होती. ती टेबलावर ठेवताना माझे हात थरथरत होते. बॅटरी गोंदानं बसवलेली असते. आम्ही ती आधी २५ टक्क्यांच्या खाली उतरवतो, कनेक्टर सोडवतो, अल्कोहोल घालून गोंद मऊ करतो, मग प्लास्टिकच्या पट्टीनं सावकाश उचलतो. घाई केली की ती वाकते, आणि वाकलेली परत लावायची नसते.

दुकानात बदलायला दिली तर समोर बसून बदलून घ्या आणि तीन गोष्टी विचारा. बॅटरीवर नोंदणी क्रमांक आहे का? कधी बनलेली आहे? किती दिवसांची गॅरंटी? दोन-तीन वर्षं खोक्यात पडलेली "नवी" बॅटरी आपोआप उतरत जाते आणि फार खाली गेली की आतून खराब होते. तिला सप्लाय लावून "बूस्ट" देऊन जागं करतात आणि ती महिनाभर चालते. मी अशी लावत नाही आणि तुम्हीही घेऊ नका. कंपनीनं दिली ४५०० ची आणि दुकानदार त्याच आकारात ८००० ची देतो म्हणाला, तर तो छापलेला आकडा आहे, आत तेवढा माल मावत नाही.

आणि या तक्रारी असतील तर घरी काहीच करू नका, सरळ कंपनीचं सेवा केंद्र किंवा बोर्डाचं काम येणारा कारागीर गाठा: बंद फोनही गरम राहतो, नवी बॅटरी टाकूनही रात्रीत उतरते, फोन पाण्यात पडला होता, चार्जिंगला लावल्यावर झिणझिण्या येतात. कारागीर बॅटरी काढून फोन डीसी सप्लायवर, म्हणजे बॅटरीच्या जागी मोजून वीज देणाऱ्या यंत्रावर, लावतो. बटण दाबायच्या आधीच काटा हलला तर बोर्डावर कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधायला सूक्ष्मदर्शक, गरम हवेचं यंत्र आणि अनुभव लागतो. वॉरंटी शिल्लक असेल तर माझ्यासारख्याकडेही येऊ नका, आधी सेवा केंद्रात जा. फोन एकदा उघडला की वॉरंटीचा दावा अडतो.

नवी बॅटरी टाकल्यावर

रोजच्या वापरात २० ते ८० च्या मधे ठेवता आलं तर उत्तम. प्रवासाला जाताना १०० करा, त्यात काही पाप नाही. रात्रभर चार्जिंगला लावलेला फोन शंभरावर स्वतः वीज घेणं थांबवतो, म्हणून स्फोट होईल ही भीती नको. त्रास होतो तो उष्णतेचा आणि रात्रभर शंभरावर राहण्याचा. सेटिंगमध्ये ८० ची मर्यादा असेल तर ती लावा. पण उशीखाली, रजईत, बाळाच्या अंथरुणावर चार्जिंग कधीच नको. आमच्या शेजारच्या घरात पहाटे रजईला हातभर काळं भोक पडलं होतं. मुलगी वासानं जागी झाली म्हणून निभावलं.

जुना फोन कपाटात ठेवून द्यायचा असेल तर अर्धा चार्ज करून बंद करा, आणि तीन-चार महिन्यांनी काढून पुन्हा अर्ध्यावर आणा. शून्यावर ठेवलेला वर्षभरानं बहुधा उठत नाही.

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचरा दाबला जातो, बॅटरी चेंगरते आणि गाडी पेटते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करून घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, त्यामुळे सेवा केंद्रात विचारा. तोवर तिच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावा आणि किल्ल्या, नाणी यांच्यापासून वेगळी ठेवा. माझ्या दुकानात काउंटरखाली वाळूचं मडकं आहे. बॅटरी कुठूनही घेतलेली असो, आणून द्या, मी ठेवून घेतो आणि महिन्यातून एकदा अकोल्याला पोहोचवतो.